फ्रिजशेजारचा कोपरा

ही गोष्ट माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची आहे, आणि खरी आहे. मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट तिच्या सांगण्यावरून दोन-तीन गोष्टी गाळल्यात.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली. तीन वीस ते तीन चाळीस. लख्ख उजेडात, माणसांनी भरलेल्या ऑफिसात.

आधी ताईचं काम सांगतो. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

ताईच्या ऑफिसात न बांधलेली घरं दाखवतात. डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवायचा, की आत घर दिसतं. मान वळवली की घर वळतं. पाऊल टाकलं की आपण पुढच्या खोलीत. हे खरं वाटावं म्हणून संगणकाला सेकंदाला नव्वद चित्रं काढावी लागतात. म्हणजे एका चित्राला जेमतेम अकरा मिलिसेकंद. त्यापेक्षा जास्त वेळ लागला की चित्र अडखळतं आणि चष्मा घातलेल्याला भोवळ येते. एका गिऱ्हाईकाने तर साहेबांच्या बुटांवरच… जाऊ द्या.

तो वेळ वाचवणं हे ताईचं काम. वाचवायचा कसा? जे दिसत नाही ते काढायचंच नाही. पाठीमागची भिंत? गाळा. बंद दारापलीकडचं कपाट? गाळा. लांबचं झाड ओबडधोबड काढा, जवळ जाऊन कोण बघतंय. भिंतीवरचा उजेडसुद्धा आधीच मोजून रंगासारखा चिकटवून ठेवायचा. ऑफिसात तिला 'कात्री' म्हणतात. कुठल्याही खोलीत शिरली की ती दोन मिनिटांत सांगते, कुठून काय दिसेल आणि कशाच्या आड काय झाकलं जाईल.

लहानपणी लपाछपीत ती मला एकदाही सापडली नाही.

तिच्या धंद्यातली एकच गोष्ट अवघड. आरसा. आरशात खरं प्रतिबिंब दाखवायचं म्हणजे सगळं घर दुसऱ्यांदा काढायचं. एवढा वेळ कुणाकडे आहे? म्हणून सगळे चलाखी करतात. आरशावर खोलीचं एक जुनं चित्र चिकटवून मोकळे होतात. गेली बारा वर्षं ताईही तेच करत आली. हिशोब भिंतींचा, दारांचा. आरसा तिच्या हिशोबात कधी नव्हताच.

यंदा मात्र तिने नवी युक्ती काढली होती. डोळ्याला आरशातून जेवढं दिसतं तेवढंच नेमकं काढायचं. आरसा खरा, आणि वेळही कमी. बारा दिवसांनी ते साहेबांना दाखवायचं होतं.

चाचणीसाठी घर हवं होतं. तिने स्वतःचंच घर घेतलं. चार महिन्यांपूर्वी तिच्या सासूबाई गेल्या होत्या. दोन वर्षं त्या आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची कॉट कुणाला तरी देऊन झाली होती, खोली रिकामी होती. एका रविवारी ऑफिसातला प्रकाशयोजना करणारा माणूस यंत्र घेऊन आला आणि दोन तासांत भिंतीभिंतीचं माप घेऊन गेला. त्याला सगळे 'दिवाबत्ती' म्हणतात. ताईचा आठ वर्षांपासूनचा मित्र. हे नाव त्यानेच स्वतःला ठेवलेलं.

आणखी एक सांगून ठेवतो. त्या चार महिन्यांत ताई एक गोष्ट मनात दाबून होती. ती दाजींना कळू नये, एवढंच तिला हवं होतं. काय ते येईलच पुढे.

पहिल्या दिवशी सगळं सुरळीत. चष्म्यातली ताई हॉलमध्ये, खिडकीकडे तोंड करून. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा… नऊ मिलिसेकंद. झकास.

दुपारी तोच आकडा अकराच्या वर गेला.

ती हलली नव्हती. मान वळवली नव्हती. समोर तीच खिडकी.

तिने यंत्र बंद करून परत चालू केलं. अकराच. थोड्या वेळाने आपोआप नऊ.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत अकरा.

तिसऱ्या दिवशी तिने घड्याळ समोर ठेवलं. तीन वीसला आकडा चढला… तीन चाळीसला उतरला. मिनिटाचाही फरक नाही.

आता यंत्र बिघडतं ते घड्याळ बघून बिघडत नाही. ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दिवाबत्ती रोज साडेतीनच्या सुमारास चहाला उठतो… आणि तिच्या यंत्राचा पासवर्ड त्याला माहीत होता.

चौथ्या दिवशी तिने एक सोय चालू केली. घराचा नकाशा वरून बघायचा. जे काढलं जातंय ते लाल, जे गाळलंय ते राखाडी.

हॉल लाल होता. बरोबर.

पण मागे… अगदी मागे… आतल्या खोलीत एक लाल पट्टा होता.

एका ठिपक्यातून निघालेला. बॅटरीचा झोत पसरावा तसा रुंदावत गेलेला. आतल्या खोलीच्या दारातून बाहेर, पॅसेजमध्ये. तिथे कपाटाच्या आरशावर आपटून वळलेला. वळून थेट स्वयंपाकघरात.

फ्रिजशेजारच्या कोपऱ्यात.

असला आकार ताई दिवसातून पन्नास वेळा बघते. कुणीतरी बघत असलं, तरच तो असा उमटतो. तिच्या यंत्राचा नियम साधा आहे. डोळा असेल तरच चित्र.

त्या घरात डोळा एकच होता. तिचा. तो खिडकीकडे बघत होता.

मग हा दुसरा कुणाचा?

तिने यादी धुंडाळली. ओळ न् ओळ. दुसरा डोळा नोंदलेला नव्हताच. तिने ठिपक्याची जागा मोजली. आतली खोली, डावी भिंत. जमिनीपासून पावणेतीन फूट.

तिथे कॉट होती. पावणेतीन फुटांवर उशी यायची.

ताईला घाम फुटला. पण भीतीपेक्षा तिला राग जास्त आला, आणि तो राग मी समजू शकतो. कॉट कुठे होती हे ठाऊक असलेला ऑफिसात एकच माणूस. माप घ्यायला आला तेव्हा भिंतीवरचा उशीचा तेलकट डाग बघून त्यानेच विचारलं होतं, "आई इथे असायच्या का गं?"

ती तडक चहाच्या टेबलाशी गेली.

"तू माझ्या घरात काय घुसडलंयस?"

दिवाबत्तीचा कप तोंडापाशीच राहिला. "कुठे?"

"आतल्या खोलीत. उशीच्या जागेवर. गंमत वाटते तुला?"

"अगं, मी दिवे लावतो. डोळे लावायचं काम तुझं." तो हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. "कात्री, तुझ्या सासूबाईंच्या खोलीत मी असली थट्टा करीन?"

"तुला काय कळलंय ते सांग. कुणी सांगितलं तुला?"

"कशाबद्दल?"

आता बघा. त्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं. पण खाई त्याला खवखवे. ताई साहेबांकडे गेली, आणि दुसऱ्या दिवशी दिवाबत्तीला त्या कामावरून काढून खालच्या मजल्यावर बसवलं. जाताना तो तिच्याकडे बघून एवढंच म्हणाला, "आठ वर्षं गं."

तिने पासवर्ड बदलला. घर नव्या यंत्रावर नेलं. इंटरनेटची तार उपटली.

तीन वीसला… अकरा.

लाल पट्टा तिथेच. फ्रिजशेजारच्या कोपऱ्यात.

आता ती गोष्ट सांगतो.

शेवटच्या दिवसांत सासूबाईंना बोलता येत नव्हतं. काही हवं असलं की त्या वाटीवर चमचा वाजवायच्या. पाणी. कूस बदल. पंखा. पुन्हा पाणी. ताई घरून काम करायची आणि दिवसातून चाळीस वेळा उठायची. दाजी शब्दाने कधी टोचून बोलले नाहीत, पण दाजी दिवसभर बाहेर. कौतुक करायला सगळे नातेवाईक, उठायला ती एकटी.

त्या दुपारी वाटी वाजली. ती गेली. काही नको होतं. परत वाजली. गेली. परत काही नको. तिसऱ्यांदा वाजली, तेव्हा ती स्वयंपाकघरात होती.

ती गेली नाही.

फ्रिजशेजारी, भिंतीला पाठ लावून, कानांवर हात घट्ट दाबून उभी राहिली. म्हणाली, दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं मी घरात नाही.

तो कोपरा तिने उगीच निवडला नव्हता. कॉटवरून स्वयंपाकघराचं दार दिसतं, ओट्याची कड दिसते. तो कोपरा भिंतीआड जातो. तो धंदाच तिचा.

वाटी वाजत राहिली. तीन वीसपासून. मग हळू झाली. मग थांबली. ताईला वाटलं, झोपल्या.

तीन चाळीसला ती आत गेली. सासूबाई गेलेल्या होत्या.

तिने दाजींना फोनवर सांगितलं, "मी खाली औषध आणायला गेले होते." दाजींनीच तिला धीर दिला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही असतात तरी काही करता आलं नसतं. ते खरं असेलही. पण ती खाली गेलीच नव्हती. सगळ्या नात्यात तिच्या सेवेचे गोडवे गायले जात होते आणि ती मान खाली घालून ऐकत होती.

तर असं ते.

दुसऱ्या दिवशी ताई अर्धी रजा टाकून घरी गेली. आतल्या खोलीत आता जादाचं सामान होतं. तिने खोकी बाजूला सारली. त्या डागाशी जमिनीवर बसली. डोकं बरोबर पावणेतीन फुटांवर आलं.

दार. पॅसेज. कपाट. कपाटाचा आरसा.

आणि आरशात… फ्रिज. फ्रिजशेजारचा कोपरा. भिंतीवरचा प्लगसुद्धा स्पष्ट.

भिंतीचा हिशोब केला होता. दाराचा केला होता. आरसा धरलाच नव्हता.

सासूबाई वीस मिनिटं तिच्याकडे बघत होत्या. ती कान दाबून उभी होती, आणि त्या तिच्याकडे बघत वाटी वाजवत होत्या.

ताई तिथेच बसून रडली. मला हे सांगतानाही रडली.

कुणी म्हणेल, मनाचे खेळ. मीही म्हणालो. पण मन आकडे चढवत नाही.

ऑफिसात परत आल्यावर तिने एक केलं. चष्म्यातल्या घरातून तो आरसाच काढून टाकला. कपाटाला साधं लाकडी दार लावलं.

तीन वीस. नऊ.

तीन एकवीस. नऊ.

तिने श्वास सोडला…

तीन चोवीसला आकडा चढला.

तिने नकाशा उघडला. आतल्या खोलीत लाल काही नव्हतं. ठिपका पॅसेजमध्ये होता. कपाटाच्या पुढे, स्वयंपाकघराच्या दाराशी. जमिनीपासून साडेचार फुटांवर.

उभ्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर.

दोन वर्षं ज्यांना कुशीवर वळायला माणूस लागायचा, त्या चालत आल्या होत्या. मधे आता ना आरसा होता, ना भिंत.

ताईने आरसा परत बसवला, साहेबांना तोच तर दाखवायचा होता, आणि त्या दिवसापासून त्या वीस मिनिटांत यंत्र बंद ठेवायला सुरुवात केली. घर पुसून टाकलं असतं, पण साहेबांना दाखवायला चारच दिवस उरले होते. दिवाबत्ती जिन्यात भेटला तर वाट बदलायचा. माफी मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. कारण कुठून आणणार?

आणि नेमकं तेव्हाच दाजींनी जेवताना विषय काढला.

"तुझ्या ऑफिसात आपलं घर आहे ना? आईची खोली होती तशी आहे त्यात?"

"आहे. का हो?"

"एकदा बघायचीय. घरातली आता ओळखू येत नाही."

"बघण्यासारखं काही नाही त्यात. रिकामी आहे."

"असू दे की रिकामी." दाजी हसले. "एवढी का टाळतेयस? काही लपवून ठेवलंयस का तिथे?"

थट्टाच होती. पण चोराच्या मनात चांदणं. ताई म्हणाली, "या शनिवारी. सकाळी अकराला या."

दाजी नाकासमोर चालणारा माणूस, वेळेचे पक्के. नेमके त्या शनिवारी कामात अडकले. अकराचे बारा झाले, बाराचे दोन. ते ऑफिसात पोचले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

ताई म्हणाली, "आज राहू दे. यंत्र तापलंय."

"अगं, इतक्या लांब आलोय. दोन मिनिटं."

शेजारच्या टेबलावरचे दोघं बघत होते. दाजी बघत होते. ती आणखी एकदा नाही म्हणाली असती, तर त्यांनी 'का?' असं विचारलं असतं. तिने त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

चष्म्याला जे दिसतं तेच ताईच्या पडद्यावर दिसतं. दाजी हॉलमधून हळूहळू आत गेले. आतल्या खोलीत उभे राहिले. भिंतीवरच्या डागाला हात लावायला गेले आणि हात हवेतच फिरला. तीनदा फिरला. ताईलाही भरून आलं. आईवर त्यांचा फार जीव होता.

"झालं ना? काढू का आता?"

"थांब जरा."

तीन एकोणीस.

"अहो, पुरे झालं. भोवळ येईल."

"एक मिनिट गं…"

आकडा चढला. अकरा. ताईने नकाशा बघितला नाही. बघायची हिंमत झाली नाही. पण आकडा अकरावर थांबला नाही. बारा… साडेबारा… तेरा.

ताईला ठाऊक आहे, चष्म्यातल्या घरात एवढा वेळ कशाला लागतो. भिंतीला लागत नाही. कपाटाला लागत नाही.

माणसाला लागतो. केस, कातडी, कापडाच्या चुण्या.

त्या घरात तिने माणूस ठेवलेला नव्हता.

दाजींनी मान वळवली, कुणी हाक मारावी तशी. ते पॅसेजमध्ये आले. स्वयंपाकघराच्या दारात थांबले. ताईच्या पडद्यावर रिकामं स्वयंपाकघर होतं. ओटा. फ्रिज. मोकळा कोपरा.

"तू इथे काय करतेयस?" दाजींनी विचारलं.

ताई म्हणाली, "मी इकडे आहे. तुमच्या मागे."

"नाही… ही काय. फ्रिजच्या बाजूला." दाजींनी मान तिरकी केली. "कान का दाबून धरलेस?"

कानांवरच्या हातांबद्दल तिने तोपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. मलासुद्धा.

"अगं, आई केव्हाची वाटी वाजवतेय," दाजी म्हणाले. "जात का नाहीस?"

चष्म्यातल्या त्या घरात आवाजाची सोयच नव्हती. ताईने ती कधी केलीच नव्हती.

मग दाजींनी स्वतःच्या हाताने चष्मा काढला. वळून ताईकडे बघितलं. बराच वेळ.

घरी गेल्यावर ताईनेच सगळं सांगितलं. लपवायला उरलं काय होतं? दाजी ओरडले नाहीत. रडले नाहीत. "बरं," म्हणाले आणि आत जाऊन झोपले. सोमवारी ताईने दिवाबत्तीची माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं, पण चहाला पुन्हा कधी बोलावलं नाही.

आणि ऑफिसातला तो डोळा? त्या शनिवारनंतर पुन्हा आला नाही. तीन वीस असो, चार असो, आकडा नऊ. साहेब खूश. ते काम छान झालं.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. सुट्टीचा दिवस, दुपार. ताई म्हणाली, "दूध संपलंय, खाली जाऊन आणते." ती गेली. दाजी माझ्याशी बोलत होते. बोलता बोलता मधेच उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

मला वाटलं, ती खरंच दुकानात जातेय का ते बघतायत. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. म्हटलं, एवढा संशय?

मी उठून त्यांच्याकडे गेलो. दाजींची पाठ रस्त्याकडे होती. ते खाली बघतच नव्हते.

आत बघत होते. हॉलमधून, पॅसेजमधून, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. पापणी हलत नव्हती. मी दोनदा हाक मारली. ओ दिली नाही.

पाच मिनिटांत ताई दूध घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. मी म्हटलं, "अगं, आत ये की. दूध फ्रिजमध्ये ठेव."

तिने घड्याळ बघितलं. आवाज अगदी नेहमीचा.

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून अकरा मिनिटं आहेत."